भात सोडलेला नाही

नागपूर,
८ जानेवारी

चि. सुमेध यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू मला भात, बटाटा, पोळी आणि फळे एकदम बंद करायला सांगितलेस आणि पाठोपाठ 'शुगर फ्री' बिस्किटांचा खोकाही पाठवून दिलास. तुझी काळजी मला समजते. परंतु माझ्या मधुमेहाचा कारभार या घरात कसा चालतो, हे फोनवरच्या घाईत सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

भात मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. भंडारा-गोंदियाच्या तांदळावर वाढलेल्या माणसाने तो बंद करायचा म्हणजे चार दिवस कडकडीत बंद आणि पाचव्या दिवशी दुप्पट, असे प्रकार मी आपल्याच नातेवाइकांत पुष्कळ पाहिले आहेत. मी बदल केला तो मापात आणि क्रमात. ताटावर बसल्यावर आधी कोशिंबीर आणि आंबाडी, मेथी किंवा चिवळीची भाजी, मग घट्ट वरण अथवा उसळ, नंतर ज्वारीची एक भाकरी आणि सर्वांत शेवटी लहान वाटीभर भात. भाजीचा चोथा आणि डाळीतली प्रथिने आधी पोटात गेलेली असली की मागून आलेल्या भाताची साखर रक्तात हळूहळू उतरते, एकदम उसळी घेत नाही. भाकरीचेही तेच आहे. ज्वारी चांगली हे खरे, पण ज्वारीतही पिष्ट असतेच, त्यामुळे 'भाकरीने काही होत नाही' असे म्हणत तीन भाकऱ्या खाल्ल्या तर ज्वारीचे सारे पुण्य तिथेच संपते.

तुझ्या आवडीचा गोळाभातसुद्धा होतो, मात्र आता हरभऱ्याच्या डाळीचे गोळे जास्त आणि भात त्यांना बिलगण्यापुरता. हिंग-मोहरीची फोडणी पूर्वी मी पळीने वाढत असे, आता प्रत्येकाच्या ताटात एकेक चमचा घालते. बाबांनी सुरुवातीला कुरकुर केली. त्यांना साखर नाही, मग त्यांनी का सोसावे, असा त्यांचा सवाल होता. पण एका घरात दोन स्वयंपाक करायचे नाहीत, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकले होते. आजाऱ्याचे ताट वेगळे मांडले की आजारी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे पाहत जेवतो, आणि त्याचे पथ्य फार दिवस टिकत नाही.

आता संक्रांत आली आहे, म्हणून गुळाविषयीही लिहिते. गूळ नैसर्गिक असल्यामुळे मधुमेहाला चालतो, असे मला शेजारच्या तिघी-चौघींनी प्रेमाने समजावून सांगितले आहे. गूळ मुख्यतः साखरच असतो आणि रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. मी तिळगुळाची एक लहान वडी घेईन, आणि ती जेवणानंतर घेईन. संत्र्याचेही तसेच, फोडी सावकाश चोखून खाते, रस काढून पीत नाही, कारण गाळणीत चोथा मागे राहतो आणि पेल्यात तीन-चार संत्र्यांची साखर उतरते.

चालण्याविषयी तू काही विचारले नाहीस, आणि माझ्या मते निम्मे औषध तेच आहे. सकाळी मी आणि बाबा अंबाझरी तलावाच्या बाजूला जातो. थंडीत जरा ऊन्ह वर आल्यावर, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा उजाडता उजाडता. (तिथे फिरायला येणाऱ्यांपैकी बरेच जण परतताना तर्री-पोह्यांच्या गाडीवर थांबतात आणि जे चालून कमावले ते तिथे रश्शासकट परत करतात, हे वेगळे सांगायला नको.) परंतु मला अधिक गुण आला तो रात्रीच्या जेवणानंतर गच्चीवर घातलेल्या पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांचा. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. तेच जेवण, तेवढीच भाकरी, आणि दोन तासांनी यंत्रावर पाहिले तर चाललेल्या रात्री आकडा तीस-चाळीसने कमी दिसतो. हे स्वतः मोजून पाहिल्यापासून मला कोणी चालायला ढकलावे लागत नाही.

एक सावधगिरी मात्र पाळते. काही गोळ्यांनी साखर प्रमाणाबाहेर खालीही जाते, विशेषतः उपाशीपोटी भरभर चालल्यास. मागच्या महिन्यात आमच्या फिरण्यातल्या एका बाईंना त्या थंडीतही दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या. माझ्या पिशवीत साखरेची पुडी असते, त्यातली तीन चमचे साखर पाण्यात ढवळून त्यांना पाजली आणि पंधरा मिनिटांत त्या सावरल्या. साखर ७० च्या खाली गेली तर आधी साखर घ्यायची, पथ्याचा विचार नंतर.

गोळ्या मी बंद केलेल्या नाहीत आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून त्यांत फेरफारही करणार नाही. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी गेल्या वर्षी ८.१ होती, ती आता ६.९ वर आली आहे. डॉक्टरांनी मला सातच्या आत राहायला सांगितले होते. डोळ्यांची वार्षिक तपासणीही झाली असून रोज रात्री मी तळपाय निरखून पाहते.

आता तुझ्याविषयी. तुझी तिशी उलटली आहे, आई मधुमेही आहे आणि तुझे रात्रीचे जेवण अकरा वाजता मोबाईलवरून मागवले जाते. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी या दोन्ही तपासण्या याच महिन्यात करून घे आणि अहवाल मला पाठव. उपाशीपोटीची साखर शंभरच्या आत आणि एचबीए१सी ५.७ च्या आत असेल तर मी काही बोलणार नाही.

बिस्किटे मी उघडून पाहिली. साखर नाही, पण मैदा आणि तूप भरपूर आहे, म्हणून बाबांच्या मित्रांना चहाबरोबर देऊन टाकली. पुढच्या वेळी काही पाठवायचेच असेल तर साखर मोजायच्या यंत्राच्या पट्ट्या पाठव, त्या इथे महाग पडतात. डब्यावरची मुदत तेवढी पाहून घे.

तुझी,
आई