डाल्टनला वगळू नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास की बाँडचे पंचवीसही सिनेमे क्रमाने बघतोयस, पण टिमोथी डाल्टनचे दोन तेवढे सोडणार, कारण "तो बोअर आहे". मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. पण रात्रभर डोक्यात तेच. म्हणून लिहितोय, फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

१९८७ च्या पहिल्याची बाजू घ्यायला माझ्याशिवाय पुष्कळ लोक आहेत. १९८९ चा 'लायसन्स टू किल' मात्र सोडू नकोस.

गोष्ट साधी आहे. बाँडचा जुना दोस्त फेलिक्स लायटर, त्याचं लग्न. त्याच रात्री सांचेझ नावाचा ड्रगवाला त्याला शार्कच्या तोंडी देतो आणि नव्या नवरीला मारून टाकतो. साहेबाचा हुकूम येतो: हे आपलं काम नाही, तू इस्तंबूलला असायला हवा होतास. बाँड तिथल्या तिथे राजीनामा देतो. म्हणजे मागे सरकार नाही, ऑफिस नाही, परवाना तर नाहीच.

आता तो काय करतो बघ. सांचेझकडे जाऊन चक्क नोकरी मागतो. हा सांचेझ (रॉबर्ट डेव्हीने काय उभा केलाय!) पैशापेक्षा निष्ठेला मोठा मानणारा माणूस. बाँड नेमका तिथेच हात घालतो. स्वतः फारशी गोळी न झाडता त्याच्या मनात संशय पेरतो. त्याच्याच एका साथीदाराच्या बोटीवर चोरीचे पैसे दडवून ठेवतो, आणि पुढचं सांचेझ स्वतःच्या हाताने करतो. बाँडच्या सिनेमात कान भरून शत्रू मारलेला तू आणखी कुठे पाहिलास, सांग. सांचेझचा तो चाकूवाला पोरगा नीट बघ. तो बेनिसिओ डेल टोरो आहे, तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा.

आणि क्यू, बाँडला चित्रविचित्र उपकरणं पुरवणारा. बाकी सिनेमांत तो पाच मिनिटं येतो, वस्तू देतो, "परत नीट आणून दे" म्हणून ओरडतो आणि जातो. इथे म्हातारा रजा टाकून मदतीला येतो! माळ्यासारखा उभा राहून झाडूत लपवलेल्या वायरलेसवर बोलतो आणि काम झालं की तो झाडू खुशाल झुडपात फेकून देतो. आयुष्यभर वस्तू जपा म्हणणारा माणूस. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते बंडूकाकांकडे, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. त्या झाडूला आम्ही दोघं टाळ्या पिटून हसलो होतो. तुझे आजोबा गेले तेव्हा हेच बंडूकाका बिनपगारी रजा टाकून सोलापूरहून रात्रीच्या एसटीने आले, तेरा दिवस राहिले. असो.

शेवटचा टँकरचा पाठलाग मेक्सिकोतल्या खऱ्या घाटात खरे ट्रक चालवून घेतलाय. एक अजस्र ट्रक एका बाजूच्या चाकांवर तिरका पळतो, त्यात संगणकाची करामत नाही. पण मला आवडतं ते त्यानंतरचं. बाँड रक्तबंबाळ, कपड्यांच्या चिंध्या. समोर पेट्रोलने भिजलेला सांचेझ, हातात कोयता. बाँड फक्त विचारतो, कारण जाणून घ्यायचं नाही का? आणि खिशातून लायटर काढतो. लग्नात फेलिक्स आणि डेलाने दिलेला, नावं कोरलेला. सुरुवातीला तो पेटवला तेव्हा ज्योत भसकन वर आली होती आणि सगळे हसले होते.

हा पडला कशाने? त्या उन्हाळ्यात अमेरिकेत बॅटमॅन आणि इंडियाना जोन्स जोरात होते. इंग्लंडमध्ये मारधाडीमुळे पंधराखालच्या पोरांना थिएटरात मज्जाव. बाँडच्या बाबतीत हे पहिल्यांदाच. पुढे हक्कांच्या कोर्टकचेऱ्यांत सहा वर्षं गेली आणि डाल्टन परत आलाच नाही. लोकांनी मात्र खापर त्याच्यावर फोडलं. बाँडचा जनक इयान फ्लेमिंग, त्याच्या कादंबऱ्या वाचून, त्यातला थकलेला, चिडका माणूस त्याने उभा केला होता. तुला डॅनियल क्रेग आवडतो ना? मग तक्रार कसली करतोस?

दोष आहेत. मध्येच ते निन्जा कुठून उपटतात देव जाणे. आणि शेवटी एक दगडी मासा डोळा मारतो! तो पाहून बंडूकाकांनी रिमोट आपटला होता.

रविवारी बघ. पोहायचा तलाव दिसला की लगेच बंद कर, म्हणजे मासा टळेल.

तुझा,
बाबा