रेफर स्लिपवर वेळ लिहिणाऱ्या सिस्टरांचे आभार

प्रिय सिस्टर,

उपकेंद्रांतून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आमच्याकडे बाळंतिणी पाठवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र. निमित्त, बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवताना सोबत दिलेल्या रेफर स्लिपवरच्या एका ओळीचं: ‘मॅगसल्फ ५ ग्रॅम उजव्या कुल्ल्यात, ५ ग्रॅम डाव्या, दुपारी २.४०.’ मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, गरोदरपणात बीपी चढून येणाऱ्या आकडीवरचं, म्हणजे एक्लॅम्पसियावरचं, इंजेक्शन.

ही ओळ स्लिपवर नसेल तर दोन्हीकडून पंचाईत होते. डोस परत द्यावा, तर मॅग्नेशियम अंगात साठतं. आधी गुडघ्याचा झटका, म्हणजे नी जर्क, जातो आणि मग श्वास मंदावतो. थांबावं, तर फेफरं पुन्हा येऊ शकतं. वेळ लिहिलेली असली की हिशेब सरळ असतो. पुढचे ५ ग्रॅम चार तासांनी, ६.४० ला, आणि त्याआधी तीन गोष्टी बघायच्या: नी जर्क आहे, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत, लघवी तासाला किमान ३० मिली होते आहे. मॅग्नेशियम बाहेर टाकते ती किडनीच, म्हणून फोलीज, म्हणजे लघवीची नळी, घालून लघवीचं माप लिहिणाऱ्या सिस्टरांचे आभार वेगळे. मॅग्नेशियम जास्त झालं तर त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, आमच्या ट्रेमध्ये असतंच. ते काढायची वेळ क्वचित येते, याचं श्रेय तुमच्या मापांना.

बाई आकडी देत असताना दहा अँप्युल फोडणं किती अवघड, हे लेबर रूमच्या बाहेरच्यांना कळणार नाही. एका अँप्युलमध्ये ५० टक्क्यांचं २ मिली, म्हणजे १ ग्रॅम. पाच अँप्युल एका बाजूला, पाच दुसऱ्या. सुई खोल स्नायूत गेली नाही तर दुखतं आणि गळूही होतं. तुमच्यापैकी काहीजणी दहा अँप्युल, सिरिंजा आणि सुईची जागा बधिर करणारं २ टक्के लिग्नोकेन एकाच डब्यात मोजून ठेवतात. आकडीच्या वेळची मोलाची मिनिटं त्या डब्यानेच वाचतात.

आणि आकडीवर पूर्वी सर्रास दिलं जाणारं झोपेचं औषध, डायझेपाम, न दिल्याबद्दलही आभार. १९९५ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मॅग्नेशियम घेतलेल्या बायांना पुन्हा आकडी येण्याचं प्रमाण डायझेपामपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी दिसलं होतं. तरी जुनी सवय अजून कुठेकुठे टिकून आहे. नातेवाईक कांदा हुंगवतात, दातांत चमचा घालू बघतात. त्यांना बाजूला करून बाईला डाव्या कुशीवर वळवणं आणि तोंडातली लाळ काढणं हे तुम्हीच करता.

पण त्याही आधीचं काम जास्त मोलाचं, आणि त्याचं कौतुक फारसं कुणी करत नाही: बीपी नीट मोजणं. पाच मिनिटं बसवून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून. बाई डाव्या कुशीवर असताना वरच्या दंडावर मोजलं, तर आकडा दहाएक पाऱ्याने खाली येतो आणि खरा १५० असलेला १४० च्या आत दिसतो. जाड दंडाला लहान कफ, म्हणजे बीपी मशीनचा पट्टा, बांधला तर उलटं, बीपी उगाच चढलेलं दिसतं. २० आठवड्यांनंतर १४०/९० आणि लघवीत प्रथिनं सापडली, की सुजलेले पाय ‘गरोदरपणात होतंच’ म्हणून सोडून न देणाऱ्या आशाताईही या पत्रात आल्या. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, पोटाच्या वरच्या भागात कळ, हे त्यांनी विचारल्याशिवाय बाई सहसा सांगत नाही.

१६०/११० च्या वर गेलं की बीपी उतरवणारी निफेडिपिन १० मिग्रॅ गिळायला द्यायची, जिभेखाली फोडायची नाही. बीपी एकदम कोसळलं तर वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी पडतं. हे तुम्ही पाळता, ते स्लिपवर दिसतं.

एक विनंतीही आहे. वाटेतच बाळंतपण झालं तर १०८ मधल्या डॉक्टरांना सांगा: रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिन १० युनिट, मेथर्जिन नाही. मेथर्जिनने बीपी आणखी चढतं. आणि बाळंतपण झालं म्हणजे धोका टळला असं नाही, आकडी नंतरही येते. म्हणून आम्ही मॅग्नेशियम बाळंतपणानंतर किंवा शेवटच्या आकडीनंतर, जे उशिराचं असेल त्यापासून, २४ तास चालू ठेवतो. घरी गेलेल्या बाईचं बीपी पहिल्या आठवड्यात तुमच्या भेटीत पुन्हा मोजलं, तर तो आकडा आम्हालाही कळवा.

आपले,
तालुक्याच्या रुग्णालयातील प्रसूती विभागाचे डॉक्टर आणि स्टाफ