मयताचं कारण

टोरांटो,
रविवार, रात्री उशिरा

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोन मध्येच बंद झाला तो नेट गेल्यामुळे नाही, हे मला कळलंय. दुसऱ्या दिवशी आईचा मेसेज आला, ‘त्यांच्या आईला कचरा म्हणालीस तू.’ त्यानंतर आठवडाभर फोन करायचा धीर झाला नाही. म्हणून हे पत्र. दादा प्रिंट काढून देईल. बाबांना स्क्रीनवर वाचवत नाही, माहीत आहे.

बाबा, आजीला मी कचरा म्हणाले नाही हो. तिच्या वेळी डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलंय, त्याला म्हणाले. त्याचा अर्थ हृदय आणि श्वास थांबला. मेलेल्या प्रत्येक माणसाचं तेच होतं. का थांबला, हा प्रश्न तसाच राहतो. आमच्या कामात असल्या उत्तरांना खरोखरच ‘गार्बेज कोड’ म्हणतात. ‘हार्टफेल’, ‘वार्धक्य’, ‘ताप’ सगळी त्याच टोपलीत. हे नाव ज्यांनी पाडलं त्यांनी ते कुणाच्या घरी, कुणाच्या आईबद्दल बोलताना वापरायचा प्रसंग येईल असा विचार केला नसणार. मी मात्र करायला हवा होता. चुकलं माझं.

पण तुम्हाला लागलं ते एवढ्यापुरतंच नाही, असं मला वाटतं. एकतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून तुम्ही जन्म-मृत्यूचं रजिस्टर लिहिलंत. ते निळं-काळं अक्षर, समासात पेन्सिलीने केलेली खूण, एकवीस दिवसांत नोंद व्हावी म्हणून पावसात वाड्या-वाड्यांवर तुमचं जाणं. आणि पोरगी परदेशात बसून म्हणते, मयताच्या कारणाचा रकाना म्हणजे कचरा. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘आम्ही काय डॉक्टर होतो?’ आणि फोन आईच्या हातात दिलात.

तर मी इथे नेमकं काय करते ते एकदा नीट सांगू द्या. ‘जगातल्या रोगांचा अभ्यास’ असं मी आजवर मोघम सांगत आले.

जगात दरवर्षी कोण कशाने मरतं हे आपल्याला माहीत असतं, असा लोकांचा समज आहे. तसं नाही. आपल्याकडे डॉक्टरने कारण लिहून दिलेले मृत्यू नोंदलेल्यांपैकी जेमतेम पाचात एक. गावात बहुतेक माणसं घरीच जातात, डॉक्टर नसताना. मग त्यांचं कारण शोधायचं कसं? त्यावर एक साधी युक्ती निघाली. घरी जाऊन विचारायचं. तिला ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ म्हणतात, तोंडी शवविच्छेदन म्हणा हवं तर. माणूस गेल्यावर काही महिन्यांनी घरच्यांशी बोलायचं: ताप होता का, किती दिवस, धाप लागत होती का, आधी काय झालं, मग काय झालं. शेवटी अर्धं पान त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. मग दोन डॉक्टर ते वेगवेगळे बसून वाचतात आणि कारण ठरवतात. त्यांचं पटलं नाही तर पुन्हा बघतात, आणि तरीही नाही जमलं तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निकाल देतो.

या पद्धतीचं जगातलं सगळ्यात मोठं काम आपल्याच देशात झालं. ‘मिलियन डेथ स्टडी’. भारताचे महानिबंधक आणि इथले संशोधक प्रभात झा यांनी ते २००१ नंतर उभं केलं. पहिल्याच फेरीत अकरा लाख घरं. आणि बाबा, घरोघर जाऊन विचारणारे डॉक्टर नव्हतेच. नमुना नोंदणीचं, म्हणजे निवडक वस्त्यांतले जन्म-मृत्यू टिपायचं काम करणारे सरकारी कर्मचारी होते, तुमच्यासारखेच, वही-पेन घेऊन ओटीवर बसणारे. मी हे रविवारी आधी सांगायला हवं होतं, कचऱ्याचं नंतर.

त्या वह्यांनी काय काय उलटं केलं बघा. मलेरियाने भारतात वर्षाला पंधरा हजार माणसं जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. २०१० मध्ये या अभ्यासातून आकडा निघाला दोन लाख पाच हजार. संघटनेला तो मान्य झाला नाही, बरंच वाजलं. त्याच वर्षी एड्सचा आकडा मात्र खाली आला, आधीच्या चार लाखांवरून साधारण एक लाखावर. म्हणजे मोजणाऱ्यांना आकडा फुगवायचाच असतो, ही काकांची शंका इथे टिकत नाही.

आणि साप. सरकारी दवाखान्यांच्या हिशेबात वर्षाला हजार-दीड हजार मृत्यू. घरोघर विचारल्यावर २००५ सालासाठी अंदाज आला ४५,९०० चा. जवळजवळ सगळे खेड्यातले, आणि दवाखान्यात पोचून गेलेले चारातला एकही नाही. पुढे २००० ते २०१९ या वीस वर्षांचा हिशेब झाला, बारा लाख. आपल्या जिल्ह्यातलं एक बऱ्यापैकी मोठं गाव दरवर्षी दहादा रिकामं व्हावं, एवढे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरची जागा दिली, ती असल्या आकड्यांमुळेच. आपल्या सरकारनेही २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. होतील का? मला शंका आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरची लस असते तेव्हा ती द्यायची हिंमत असलेला माणूस नसतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

आता मूळ गोष्टीवर येते. आमच्या सरावासाठी मराठीतल्या काही कहाण्या होत्या. नावं-गावं काढलेली. एक होती भातलावणीच्या दिवसांतली. बाई, चाळिशीची, जमिनीवर झोपलेली. पहाटे पोटात कळा, दोन उलट्या. ‘डोळे उघडत नव्हते, झोप आल्यासारखं करत होती, बोलणं जड झालं.’ सूज नाही, जखम नाही. दुपारच्या आत गेली. शेवटच्या ओळीत: ‘सासू म्हणे पान लागलं असेल.’

माझ्याबरोबर वाचणारी डॉक्टर दिल्लीत वाढलेली, मराठी नंतर शिकलेली. तिने ‘पोटाचा विकार, अनिश्चित’ असं लिहिलं. पान म्हणजे तिला विड्याचं पान वाटलं! रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून आपण पान म्हणतो, जनावर म्हणतो, किरडू म्हणतो, हे तिला कोण सांगणार? मी मण्यार लिहिलं. मण्यारीचे दात बारीक, झोपेत चावली तर कळतही नाही, खूण दिसत नाही. विष मज्जातंतूंवर जातं. आधी पोट दुखतं, मग पापण्या मिटतात, मग जीभ, शेवटी श्वास.

ते वाचलं आणि मला वरच्या वाडीतली काकी आठवली. मी सातवीत होते. आषाढ होता, त्यांच्या पडवीत माणसं जमलेली, काकी भिंतीला टेकून बसलेली आणि तिच्या पापण्या कुणी बोटाने वर धरून बघतंय. मला वाटलं, एवढी माणसं आलीत आणि ही झोपते कशी. भगत येऊन गेला होता. रिक्षा यायच्या आत सगळं संपलं. चार दिवसांनी तुम्ही रजिस्टर भरताना मी शेजारीच गृहपाठ करत होते. तुम्ही लिहिलंत, ‘पोटदुखी व उलट्या’. मी विचारलं, पोट दुखून माणूस मरतं? तुम्ही म्हणालात, ‘घरचे जे सांगतात ते लिहायचं. आपल्या मनचं घालायचं नाही.’

बाबा, त्या एका वाक्यावर माझं इथलं सगळं काम उभं आहे. खोटं नाही सांगत. तुमचा रकाना दोन बोटांचा होता, एवढाच दोष. त्या रकान्यापाशी अर्धं पान कोरं असतं, तर पापण्यांचं तुम्ही नक्की लिहिलं असतंत.

बावस्कर डॉक्टर तुम्हाला आठवत असतील, महाडचे. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात त्यांनी विंचू चावलेला एकेक रोगी रात्रभर जागून टिपला, नाडी किती, घाम किती, हात-पाय गार कधी पडले. त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपाय सापडला आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. इथल्या वर्गात कोकणातल्या विंचवाचं नाव निघालं तेव्हा मी उगीचच ताठ बसले.

आई, तुझी तक्रार वेगळी आहे, ‘मेल्याशिवाय तुम्ही कुणाला मोजत नाही वाटतं.’ मोजतो गं. १९९० च्या सुमारास ख्रिस्तोफर मरे आणि अॅलन लोपेझ यांनी जागतिक बँकेसाठी एक माप तयार केलं. लवकर गेल्यामुळे बुडालेली वर्षं अधिक आजारपणात काढलेली वर्षं, अशी बेरीज. तुझी कंबर त्यात आहे. जगभर आजारपणात काढलेल्या वर्षांत कंबरदुखी पहिल्या नंबरावर आहे, कर्करोगाच्याही वर. पाणी शेंदून, वाकून लावणी करून जी कंबर गेली तिला निदान हिशेबात तरी जागा मिळाली.

त्या मापात एक गोम मात्र होती, आणि ती मला कळली त्या दिवशी मी चिडले होते. सुरुवातीच्या हिशेबात सगळी वर्षं सारखी धरलेली नव्हती. पंचविशीच्या आसपासच्या वर्षाला सगळ्यात जास्त भाव, लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या वर्षाला कमी. कारण म्हणे तरुण माणसावर घर अवलंबून असतं. तुम्हा दोघांचं एक वर्ष म्हणजे दादाच्या लेकाच्या पंचविशीतल्या वर्षाच्या निम्म्या-शिम्म्या मोलाचं! खूप जणांनी टीका केली, शेवटी २०१० च्या हिशेबापासून ते काढून टाकलं. आता तुमचं वर्ष पुरं वर्ष धरतात. कोणत्या दुखण्याला किती वजन, हेही आधी तज्ज्ञ आपसात बसून ठरवत. नंतर बांगलादेश, टांझानिया, पेरू, इंडोनेशियातल्या घरी जाऊन साध्या माणसांना विचारलं: या दोघांपैकी जास्त धडधाकट कोण? तुला विचारलं असतं तर तू कंबरेला शंभर गुण दिले असतेस.

आता माझी दोन कामं. आई, पावसाळ्यात पडवीत चटई टाकून झोपायचं बंद. गार वाटतं हे मान्य. पण कॉटवर झोप आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून घे. नेपाळच्या तराईत अभ्यास झालाय, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण खूपच कमी होतं. डासांसाठी घेतलेली वस्तू सापालाही अडवते. भाताची कणगी झोपायच्या खोलीतून हलवायला दादाला सांगितलंय. उंदीर आले की मागून जनावर येतंच.

आणि बाबा, तुम्हाला जमलं तर काकीबद्दल आठवतं ते लिहून ठेवाल का? वहीतलं अर्धं पान पुरे. पहाटे किती वाजता कळलं, आधी काय दुखलं, ती कुठे झोपली होती. डॉक्टरी शब्द नकोत, आणि तुम्ही म्हणायचात तसं मनचंही काही घालू नका. फक्त त्या दिवशी पडवीत कुणी ‘पान लागलं’ म्हणालं होतं का, एवढं आठवून बघा.

पुढच्या रविवारी तुमच्या सकाळी आठला फोन करते.

तुमची,
ताई