मुलीच्या नावापुढे सत्तावीस टक्के

महोदय,

माझ्याकडे सरावाला येणारी, ८०० मीटर धावणारी एक मुलगी मागच्या महिन्यात निवड शिबिरातून रडवेली होऊन परतली. अनवाणी यंत्रावर उभे केले, २७ टक्के चरबी निघाली आणि 'आधी वजन उतरव' असे सांगून मंडळी मोकळी झाली. मी तिला ओळखीच्या जिममधल्या तशाच यंत्रावर एकाच दिवशी दोनदा उभे केले, सकाळी उपाशीपोटी आणि मग सराव संपवून घामाघूम आल्यावर. फरक साडेतीन टक्क्यांचा! दोन तासांत एवढी चरबी झडत नाही आणि चढतही नाही.

मुळात हे यंत्र चरबी मोजतच नाही. तळपायातून अगदी सौम्य वीज सोडून तिला किती अडथळा होतो ते पाहते, त्यावरून अंगातल्या पाण्याचा अंदाज घेते आणि उरलेले उंची, वजन, वय घालून सूत्राने काढते. त्यातही वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. दंड-खांद्यांचा हिशेब सगळा अंदाजपंचे.

डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी केलेली तपासणी, यापेक्षा भरवशाचा, पण तो हाडांच्या तपासणीसाठीचा. तालुक्याच्या मैदानावर कुठून आणणार?

मी कॅलिपर, म्हणजे कातडीच्या घडीची जाडी मोजणारा चिमटा, वापरतो. दंडाच्या मागची कातडी चिमटीत उचलायची, बोटांपासून एक सेंटीमीटरवर कॅलिपर लावायचा, दोन सेकंदांनी आकडा वाचायचा. जागा जराशी सरकली तरी माप बदलते, म्हणून दर वेळी मोजणारा हात एकच हवा. आणि त्या मिलिमीटरचे टक्के करायचे नाहीत. टक्के काढण्याचे एक प्रचलित सूत्र १९७४ मध्ये ग्लासगोच्या लोकांना मोजून बसवलेले आहे. आपली अंगकाठी निराळी. मधुमेहाचे संशोधक, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्येच छापून आले आहे.

शिबिरवाल्यांनी निदान आकड्याशेजारी मोजल्याची वेळ आणि यंत्राचे नाव तरी लिहावे. या मुलीच्या अंगावर आठ जागी अशा मोजलेल्या कातडीच्या घड्यांची बेरीज जूनमध्ये ९४ मिलिमीटर होती, आता ८८ आहे, आणि ८०० मीटरची वेळ दोन सेकंदांनी सुधारली आहे. शिबिराच्या वहीत तिच्या नावापुढे अजून २७च आहे.

– एक अ‍ॅथलेटिक्स प्रशिक्षक, सातारा