आमच्या 22 हार्ड डिस्क कुठे गेल्या ते नंबरनिशी सांगा

प्रति,
मॅनेजर, कस्टमर केअर

विषय: श्रेडिंगचे (मशीनमध्ये तुकडे करून नष्ट करण्याचे) पैसे घेऊन हार्ड डिस्क बाजारात विकल्या गेल्याबद्दल तक्रार

सर/मॅडम,

मार्चमध्ये तुमच्या ई-वेस्ट कंपनीची गाडी आमच्या नाशिकच्या ऑफिसमधून 14 डेस्कटॉप, 3 लॅपटॉप, एक जुना सर्व्हर आणि झेरॉक्स मशीन घेऊन गेली. आमचं सीए ऑफिस आहे, त्यामुळे त्या डिस्कमध्ये क्लायंटच्या पॅन-आधारचे स्कॅन, बँक स्टेटमेंट, बॅलन्स शीट, कारखान्यातल्या कामगारांची पगारपत्रकं असं 11 वर्षांचं सगळं होतं. भंगारवाल्याला द्यायचं असतं तर चार पैसे उलटे आम्हालाच मिळाले असते, पण तुमच्या माणसाने सांगितलं की प्रत्येक डिस्क श्रेड होणार, सीरियल नंबरसकट सर्टिफिकेट मिळणार, म्हणून तुम्हाला पैसे देऊन माल दिला.

गेल्या रविवारी एका अनोळखी मुलाचा फोन आला. त्याने मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड डिस्क घेतली, चेक करताना रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं तर आमचं लेटरहेड आणि फोन नंबर दिसला. मी लेबलचा फोटो मागवला. आमच्या ऑफिसमधल्या ताईंनी माल देण्याआधी सगळे सीरियल नंबर रजिस्टरला लिहून ठेवले होते, त्यात नवव्या ओळीत तोच नंबर आहे. मुलगा चांगला निघाला, डिस्क कुरिअरने परत पाठवली, पैसे पण घेतले नाहीत. पण बाकीच्या 21 कुठे आहेत?

तुमचं सर्टिफिकेट परत काढून बघितलं. त्यावर फक्त "19 नग, 240 किलो" लिहिलंय, एकही सीरियल नंबर नाही. आणि बिलावर मात्र "हार्ड डिस्क श्रेडिंग, 22 नग" असे पैसे लावलेत, म्हणजे सर्व्हरच्या 4 आणि झेरॉक्स मशीनची 1 धरून डिस्क किती आहेत हे तुम्हाला नीट माहीत होतं. चूक माझीही झाली, ते सर्टिफिकेट मी तेव्हाच परत पाठवायला हवं होतं.

फोन केला तर एक जण म्हणाले "फॉरमॅट केलं होतं सर". लेजरचा इंडेक्स फाडला म्हणून आतल्या नोंदी जात नाहीत ना, साधं फॉरमॅट पण तसंच, फाइल कुठे आहे एवढंच पुसलं जातं, फाइल तिथेच राहते. दुसरे साहेब म्हणाले सगळं डिगॉस केलंय, म्हणजे चुंबकाने पुसलंय. अहो, लॅपटॉपमध्ये एसएसडी होत्या, त्यात डेटा चिपवर असतो, चुंबकाने त्याला काही होत नाही. आणि सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) रजिस्ट्रेशनचा कागद पुन्हा पाठवू नका, 2022 च्या ई-वेस्ट नियमांखालचं ते रजिस्ट्रेशन कचऱ्याच्या रिसायकलिंगचं आहे, त्याने डेटा पुसला हे सिद्ध होत नाही.

हे छोटं प्रकरण समजू नका. अमेरिकेत 2022 मध्ये मॉर्गन स्टॅन्लीला 3.5 कोटी डॉलर दंड लागला, त्यांनी जुने सर्व्हर आणि डिस्क काढायचं काम ज्यांना दिलं त्यांना त्याचा अनुभवच नव्हता आणि काही डिस्क डेटासकट ऑनलाइन लिलावात गेल्या. आपल्याकडच्या 2023 च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यातही काम दुसऱ्याला दिलं म्हणून डेटा सांभाळणारा सुटत नाही, म्हणजे तुम्ही जे केलं त्याला उत्तर मला द्यावं लागणार. सोमवारपासून एकेका क्लायंटला फोन करून सांगतोय. एक कारखानदार वडिलांच्या काळापासून आमच्याकडे आहेत, सगळं ऐकून ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मला रिफंड नको, आधी हिशोब पाहिजे. उरलेल्या 21 डिस्क नंबरनुसार कुठे आहेत, माल तुम्ही पुढे कुणाला दिला, किती खरंच श्रेड झाल्या आणि तुम्ही कबूल केलेला श्रेडिंगचा व्हिडिओ आहे का, हे सगळं लेखी द्या. ज्या अजून गोडाऊनला असतील त्या तशाच बाजूला ठेवा, एकही बाहेर जाता कामा नये. झेरॉक्स मशीनचं तर लगेच बघा, त्यातली डिस्क बहुतेक कुणी काढलीच नसेल आणि मशीन चालू कंडिशनमध्ये होतं.

आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर बिल, सर्टिफिकेट आणि ती डिस्क घेऊन मी सायबर पोलिसांकडे आणि ग्राहक आयोगात जाणार आहे. त्याआधी रजिस्टर घेऊन तुमच्या गोडाऊनला यायची माझी तयारी आहे, शनिवार असला तरी चालेल, दिवस कळवा.

आपला,
एक सीए, नाशिक
सोबत: बिल, सर्टिफिकेट, रजिस्टरची झेरॉक्स, डिस्कच्या लेबलचा फोटो