कानाखालच्या गाठीला चीर देण्याआधी सुई लावा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. लाळग्रंथींच्या गाठी फार जणांना होत नाहीत, त्यामुळे आढावा बैठकांत त्यांचा विषय निघत नाही. पण ज्याला होतात त्याचा चेहरा पणाला लागतो, म्हणून हे पत्र.

कानाच्या पुढेखाली असलेल्या पॅरोटिड या लाळग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते. डोळा मिटणे, घास तोंडात सावरणे, हसणे, सगळे तिच्या भरवशावर. तिथली गाठ गळू समजून कुणी चीर दिली, तर नस दुखावू शकते, जखमेतून लाळ झिरपत राहते आणि गाठीच्या पेशी आजूबाजूला सांडतात. इथे सर्वांत जास्त आढळणारी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा. ती कर्करोगाची नव्हे, पण एकदा सांडली की काही वर्षांनी एकीच्या जागी अनेक उगवू शकतात, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत नस वाचवताना सर्जनचा कस लागतो. कधी कानाखालची गाठ क्षयाची निघते. मग शस्त्रक्रियाच नको, गोळ्या पुरतात. हे सगळे आधी कळायला एफएनएसी, म्हणजे बारीक सुईची तपासणी, करावी लागते. "सुई घातली की गाठ पसरते ना?" असे रुग्ण हमखास विचारतात. इतक्या बारीक सुईने तसे घडणे अत्यंत विरळ, हे त्यांना समजावून सांगावे लागते.

घोडे अडते ते सुई काढल्यानंतर. तालुक्याहून नमुना पसरलेल्या काचा येतात त्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि चिठ्ठीवर एवढेच, "मानेची गाठ". वय नाही, बाजू नाही, किती दिवसांची ते नाही. एक काच हवेत वाळवून गिम्सा या रंगाने रंगवायची, दुसरी ओली असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवायची. ही दुसरी आधीच वाळली, की पेशींची केंद्रके फुगतात, कडा पुसट होतात आणि निदान डळमळते. चांगल्या काचेवर प्लिओमॉर्फिकचा तंतुमय गर किरमिजी उमटतो, पेशी त्यात विरत गेलेल्या. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमात त्याच रंगाचे गुळगुळीत गोळे, कडा रेखीव, भोवती गडद बारीक पेशींची गर्दी. हा कर्करोग नसांच्या कडेकडेने सरकत जातो. काही वेळा या दोन गाठी एकमेकींसारख्या दिसतात. काच खराब असेल तर विचारायलाच नको.

दुसरी भीती म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा या लाळग्रंथीच्या कर्करोगाची. सुईत नुसता चिकट स्राव येतो, पेशी चारदोन. अहवालात "कर्करोग आढळला नाही" असे लिहिले की माणूस निश्चिंत होऊन घरी जातो. तिथे "पेशींचे स्वरूप अनिश्चित, कर्करोग नाही असे सांगता येत नाही" असेच लिहायला हवे आणि सोनोग्राफीत पाहून गाठीच्या घट्ट भागातून पुन्हा नमुना घ्यायला हवा. यासाठीच २०१८ मध्ये लाळग्रंथींच्या सुई-तपासणीचे अहवाल लिहिण्याची मिलान पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात अहवालाचे सहा गट आहेत आणि प्रत्येकात कर्करोगाची शक्यता किती तेही दिले आहे: पहिल्या आवृत्तीत निरुपद्रवी ट्यूमरमध्ये ५ टक्क्यांहून कमी, संशयितांमध्ये सुमारे ६०. सर्जनला पुढचे पाऊल ठरवायला असा अहवाल लागतो. सरकारी रुग्णालयांत तो सक्तीचा करा.

आणि प्रत्येक सिव्हिलमध्ये आठवड्यातून एक दिवस सुईची ओपीडी ठेवा. पॅथॉलॉजिस्ट स्वतः गाठ चाचपेल, सुई लावेल, शेजारी सूक्ष्मदर्शक असेल, आणि नमुना पुरेसा आला की नाही हे रुग्ण बाकावर असतानाच कळेल. रोजंदारी बुडवून एसटीने आलेल्या बाईला "नमुना आला नाही, पुन्हा या" हा निरोप पंधरा दिवसांनी देणे मला मंजूर नाही. ग्रामीण रुग्णालयांना काचा बुडवायच्या बरण्या, अल्कोहोल आणि नीट छापलेला अर्ज पुरवा. खर्च किरकोळ आहे. पॅथॉलॉजिस्टच्या रिक्त जागा भरणे तेवढे सोपे नाही, हे मी जाणते. पण त्या भरेपर्यंत निदान एक परिपत्रक काढा: कानाखालच्या किंवा जबड्याखालच्या गाठीला सुईच्या तपासणीशिवाय चीर देऊ नये.

आपली,
जिल्ह्यातील एक पॅथॉलॉजिस्ट