गोण्या भरणाऱ्या आणि मायला हात देणाऱ्यांचे आभार

दिवाळीनंतर आमच्या नाल्याचं पाणी उगाच वाहून चाललं होतं. त्या रविवारी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घेऊन वीसेक माणसं आली. निम्मी गावातली, बाकीची कोण, कुठली, अजून माहीत नाही. त्यांनी नाल्यातलीच वाळू-माती गोण्यांत भरली, तोंडं सुतळीनं शिवली आणि विटांसारखे सांधे चुकवत थर रचले. फटींत चिखल थापताना एका ताईच्या बांगड्या कोपरापर्यंत माखल्या होत्या. सांजेला गुडघाभर पाणी थांबलं! वनराई बंधारा पुढच्या पुरात टिकत नाही, पण यंदा आमच्या विहिरीनं हरभऱ्याला शेवटचं पाणी दिलं. माय त्यांना जेवून जा म्हणत राहिली. शेवटची एसटी चुकेल म्हणून ते निघाले.

त्याच एसटीत मागच्या महिन्यात मायला चक्कर आली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून प्रवास मोफत आहे, म्हणून ती आता एकटीच यवतमाळला जाते. एका पोरानं खिडकीची जागा दिली, वाहकदादांनी पाणी पाजलं, फाट्यावर हात धरून उतरवलं.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. हुरड्याला या, माय वाट पाहते आहे.